स्मरणिका लिहायला बसण्याआधी

सोलापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

अपंग मुलांसाठीच्या आपल्या संस्थेचा सुरुवातीचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहायचं काम कमिटीनं तुझ्यावर सोपवलंय हे कळलं. संस्थापकांचे फोटो कुठं मिळतील असं तू विचारलंस. फोटो मधल्या खोलीतल्या ट्रंकेत आहेत, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या नावांसकट. पण नुसत्या फोटोंवरून लिहिलंस तर आपल्या आधीच्या स्मरणिकांसारखीच ही एक होईल. त्यांचे गठ्ठे प्रेसमधून मीच आणले होते आणि ते आजही कुठं धूळ खात पडलेत तेही मला ठाऊक आहे.

आधी तीन गोष्टी काढ. नावनोंदणीचं रजिस्टर, इतिवृत्ताची वही आणि किरकोळ खर्चाची व्हाउचरं. वार्षिक अहवाल सगळ्यात शेवटी वाच. तो देणगीदारांना दाखवायला लिहिलेला असतो. मी इतकी वर्षं ऑफिस सांभाळलं, त्यातले निम्मे अहवाल मीच टाइप केलेत.

संस्थेच्या घटनेवर सात सह्या दिसतील. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवायची तर किमान सात माणसं लागतात. मग आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. म्हणून सात सह्या आहेत. सातही जण राबत होते असं धरून चालू नकोस. "एक सही कमी पडतीय, या की" म्हणून बोलावलेला शेजारी बऱ्याच संस्थांच्या कागदावर संस्थापक होऊन बसलेला असतो. इतिवृत्ताच्या वहीतली पहिल्या वर्षांची हजेरी बघितलीस की कोण येत होतं ते आपोआप समजेल.

रजिस्टरच्या पहिल्या पानांवर पोलिओची मुलं जास्त सापडतील. पुढं पुढं ती कमी होत जातात. देशभर पल्स पोलिओ सुरू झालं १९९५ मध्ये, आणि भारतातला शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, हावड्याला. त्यामुळं कॅलिपर म्हणजे काय हे तुझ्या वयाच्या कार्यकर्त्यांनी फारसं पाहिलेलं नाही. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी लॉक, खाली जड बूट. उभं राहायचं तर लॉक लावायचं, बसायचं तर सोडायचं. मूल वाढतं, लोखंड वाढत नाही. बूट बोटांना टोचायला लागतो, पट्टा मांडीला काचतो. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. घामानं चामडं आधी मऊ पडतं, वाळलं की कडक होतं आणि भोकापाशी तुटतं. पट्टा तुटला की मूल ते सगळं कोपऱ्यात टाकतं आणि पुन्हा हातावर सरकत फिरायला लागतं.

साधनं देण्याची केंद्राची योजना १९८१ पासूनची. तेच साल आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळलं गेलं. शिबिरं भरायची, मापं घेतली जायची, कॅलिपर आणि तीनचाकी सायकली वाटल्या जायच्या, हारतुरे व्हायचे. ज्याच्या हातातच जोर नाही त्यालाही हातानं फिरवायची सायकल दिलेली मी पाहिलीय. दुरुस्तीचं शिबिर मात्र कुणी भरवलं नाही. आपल्याकडे जिन्याखाली बसून चामड्याचं काम करणारे मामा होते, ते पट्टे बदलून द्यायचे, रिबीट ठोकायचे, बुटाला नवा तळ लावायचे. अहवालात त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही. व्हाउचरवर मात्र त्यांचा अंगठा जागोजागी आहे. संस्था सुरू कधी झाली असं मला विचारशील तर मी फीत कापल्याची तारीख सांगणार नाही. पट्टा बदलल्याचं पहिलं व्हाउचर ज्या तारखेचं असेल, ती सांगेन. कमिटीला हे पटणार नाही. तरी लिही.

हे काही आपल्यापुरतं नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ च्या सुमारास तयार झाला तो डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांच्या कामातून. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. डॉक्टरांचं काम मोठं होतंच, त्यात वाद नाही. पण रामचंद्रजींचं नाव तू याआधी ऐकलं होतंस का?

आता मुलांच्या आयांकडे वळ. पूर्व भागातल्या कितीतरी आया विड्या वळत. मजुरी दर हजार विड्यांवर. एक दिवस मूल घेऊन सिव्हिलला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडाली. आणि जावं तर लागायचंच, कारण अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यानं ४० टक्के अपंगत्वाची अट घातली. सरकारी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर तेवढा आकडा नसेल तर एस.टी.ची सवलत नाही, काहीच नाही. एका फेरीत काम क्वचितच व्हायचं. डॉक्टर रजेवर, नाहीतर फोटो कमी, नाहीतर रेशनकार्डावरचं नाव वेगळं. मग एका गल्लीतल्या बायकांनी आपसांत ठरवलं. एकीनं चौघींची मुलं घेऊन जायचं, बाकीच्यांनी तिच्या वाटणीची पानं कातरून, विड्या वळून ठेवायच्या. आपण पुढं ‘प्रमाणपत्र मार्गदर्शन केंद्र’ म्हणून बोर्ड लावला ना, ती मूळची या बायकांची युक्ती. संस्थेनं नंतर तिला टेबलखुर्ची दिली.

त्यांच्याकडे जाशील तेव्हा तेलुगू येणारं कुणीतरी सोबत ने. आपली रजिस्टरं मराठीत आहेत, पण त्या घरांत दुखणं-खुपणं तेलुगूत बोललं जातं, काही घरांत कानडीत. मराठीत विचारलंस तर "संस्थेनं लई मदत केली" एवढंच उत्तर मिळेल. माल द्यायला कारखान्यात जायची वेळ टाळ, आणि हातातलं काम थांबवायला सांगू नकोस. विड्या वळता वळता त्या जास्त बोलतात.

रजिस्टर वाचताना एका ठिकाणी सांभाळून. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले, आणि तो लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. तारीख नसलेला एखादा छापील अर्ज सापडला आणि त्यावर सातच रकाने असले, तर तो या दोन कायद्यांच्या मधला समजायला हरकत नाही. दुसरं म्हणजे जुन्या कायद्यात स्वमग्नतेला, म्हणजे ऑटिझमला, स्वतंत्र जागाच नव्हती. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यात ती आली. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेली मुलं अस्थिव्यंगात धरली जायची. तेव्हा "आमच्याकडे त्या काळी स्वमग्न मुलं नव्हतीच" असं कुणी सांगितलं तर लिहून मोकळी होऊ नकोस. ती होती, ‘मतिमंद’ या रकान्यात. वर्णनाचा रकाना वाच: ‘बोलत नाही, एकटा बसतो, पंख्याकडे बघतो’. हे कुणाचं वर्णन आहे ते आज तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

लोकसंख्येचे आकडेही जपून वापर. १९८१ च्या जनगणनेत अपंगत्वाची विचारणा होती, १९९१ ला ती गाळली, २००१ ला परत आली. मधल्या काळातल्या आपल्या अर्जांमध्ये ‘जिल्ह्यात इतके टक्के’ म्हणून जे छापलंय ते अंदाजे आहे. ते स्मरणिकेत उचलू नकोस.

आणखी एक, जे लिहायला तुला जड जाईल. कोल्हापुरात १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू झाली, ती उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या. आपल्या पहिल्या कार्यकारिणीत एकही अपंग माणूस नव्हता. चांगली माणसं होती सगळी, वेळ आणि पदरचे पैसे घालणारी. पण मीटिंग वरच्या मजल्यावर व्हायची, आणि ज्यांच्यासाठी ती चालली होती ते खाली बसून चहा प्यायचे. हे कडवटपणे लिहू नकोस, पण गाळूही नकोस. पहिल्या पानावरची ती पोलिओची मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. कुबड्यांनी खांदे गेलेत त्यांचे. त्यातले दोघे-तिघे तुला जिन्याच्या पायऱ्या तोंडपाठ सांगतील. त्यांना आधी भेट, माजी अध्यक्षांना नंतर. अध्यक्ष रागावले तर माझं नाव सांग.

मुलांची नावं आणि त्यांचे आजार एकाच पानावर छापू नकोस. मोठ्या झालेल्यांना विचार, हो म्हणाले तर छाप. जुन्या शिबिरांचे रडवेले फोटो तर नकोच.

शेवटचं, पैशाचं. प्रेसकडून कोटेशन मागवशील त्यातच मोठ्या टायपातल्या प्रती, ब्रेल आणि मराठी-तेलुगू आवाजातलं रेकॉर्डिंग याचा खर्च आत्ताच धरून ठेव. एकदा बजेट मंजूर झालं की कमिटी रंगीत मुखपृष्ठाला हो म्हणेल आणि ब्रेलला "पुढच्या वेळी बघू" म्हणेल. मी त्यांना चांगला ओळखतो.

तुझा,
काका