तासापुरती भाषा

प्रश्न : न्यूझीलंडमधील माओरी भाषा शाळांमुळे वाचली असे वाचनात आले; शाळांनीच ती संपवत आणली होती, असेही सांगतात. यांतले खरे काय? आमच्याकडे कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी शाळेत आठवड्यातून एक तास ठेवावा, अशी सूचना आहे. तेवढ्याने भागेल का?
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत, शाळा कोणाच्या हाती होती, यावर सारे अवलंबून राहिले. १८६७च्या कायद्याने माओरी गावांत ज्या सरकारी शाळा निघाल्या, त्या इंग्रजीतून शिकवण्यासाठीच होत्या, आणि पुढे माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्याच्या आठवणी कित्येक वृद्धांनी सांगितल्या आहेत. तरीही भाषा गावात आणि घरात टिकून होती. तिचा आधार सुटला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा कामधंद्यासाठी कुटुंबे शहरांत जाऊन विखुरली आणि आईवडील मुलांशी इंग्रजीतच बोलू लागले. आपली मानहानी मुलांच्या वाट्याला येऊ नये, असे त्यांना वाटले असेल तर त्यांना दोष देणे मला जमणार नाही.

१९७२ मध्ये तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन संसदेला देण्यात आले. त्यातील मागणी आपल्याकडील सूचनेच्याच जातीची होती : शाळांत माओरी शिकवा. परंतु विषय म्हणून शिकलेली भाषा घरात परत येईना. म्हणून १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता येथे ‘कोहांगा रेओ’ हा बालवर्ग सुरू झाला, जिथे शाळेत जाण्याच्या वयाआधीची मुले दिवसभर माओरी बोलणाऱ्या आजी-आजोबांच्या सहवासात राहत आणि कारभार कुटुंबेच पाहत. काही वर्षांत असे शेकडो वर्ग निघाले. ही मुले इंग्रजी शाळेत गेली की भाषा गळून पडते, हे ध्यानात येताच पालकांनी १९८५ मध्ये ऑकलंडला माओरी माध्यमाची प्राथमिक शाळाही काढली. माओरीला अधिकृत दर्जा देणारा कायदा १९८७चा, म्हणजे या सगळ्यानंतरचा.

आठवड्याच्या एका तासाने नुकसान होणार नाही, पण भागणारही नाही. कोलामांच्या ज्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, घरी अजून कोलामी बोलली जाते, तेथे सुरुवात अंगणवाडीतून करावी आणि म्हाताऱ्या बायकांना मानधन देऊन मुलांजवळ बसवावे. एक सावधगिरी मात्र हवी. १९९० मध्ये कोहांगा रेओ शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत गेले, नियम वाढले आणि त्या दशकाच्या मध्यापासून मुलांची संख्या घसरत गेली. माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये सरकारच्या धोरणावर ठपकाही ठेवला. तेव्हा मानधनाच्या अर्जात शैक्षणिक पात्रतेचा रकाना असलाच, तर या बायकांसाठी तो रिकामा ठेवण्याची मुभा आधीच लेखी मिळवावी.