आधी टाकी बघा, मग पंप खोला

प्रश्न : माझ्या बोटीत अठरा वर्षांपूर्वीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. मासेमारीची पावसाळी बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये बोट पाण्यात घातली, तेव्हापासून पिकअप गेलाय. जेट्टीवरून निघताना बरोबर चालतं. दहा-पंधरा मिनिटांनी कितीही रेस द्या, वेग वाढत नाही. बंद करून थोडा वेळ थांबलं की पुन्हा पळतं. धूर नेहमीसारखाच. फिल्टर बदलून झाले. एक जण सांगतो डिझेलचा पंप-नोझल उतरवा, दुसरा सांगतो इंजिनच बदला. काय करू?
— एक वाचक, दिवाळे, नवी मुंबई

उत्तर : दादा, पंपाला एवढ्यात पाना लावू नका. तुमच्या पत्रातलं ‘थांबलं की पुन्हा पळतं’ हे वाक्यच अर्धं निदान आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेलं इंजिन विश्रांतीने बरं होत नाही, ते सकाळी स्टार्टिंगलाच रडतं. बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात जाळं अडकलं असतं किंवा तळाला कवचं धरली असती, तर बोट पहिल्या मिनिटापासून जड चालली असती आणि रेस दिल्यावर काळा धूर आला असता. तुमचा धूर साधा आहे, म्हणजे इंजिनावर भार जास्त नाही, त्याला डिझेल कमी पडतंय.

डिझेल कुठे अडतं? पहिली जागा टाकीची हवेची नळी. १ जून ते ३१ जुलै बोट उभी असते, तेवढ्यात कुंभारीण माशी त्या बारीक नळीच्या तोंडात मातीचं घर बांधून मोकळी होते. मग डिझेल ओढलं जातं तशी टाकीत हवा कमी पडते आणि डिझेल पुढे येत नाही. इंजिन बंद केलं की हवा हळूहळू आत शिरते आणि पुन्हा पंधरा मिनिटं सुखाची. पुढच्या वेळी इंजिन बसलं की टाकीचं झाकण सैल करा. ‘सुस्स’ आवाज होऊन लगेच रेस धरली, तर चोर सापडला.

तिथे नाही मिळाला, तर टाकीच्या तळाशी बघा. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीला आतून घाम सुटतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं, आणि दोघांच्या सांध्यावर काळपट, बुळबुळीत साय वाढते. तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा, सकाळी थर डोळ्यांनी दिसतील.

बऱ्याच वर्षांपूर्वी सारसोळ्याच्या एका बोटीचं असंच दुखणं होतं. मी पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला. आठ दिवस बोट किनाऱ्याला, मालकाचे पैसे गेले, इंजिन होतं तसंच. शेवटी टाकीतली ओढनळी बाहेर काढली. तिच्या तोंडाला ऑईलच्या डब्याच्या सीलचा रुपयाएवढा चंदेरी तुकडा चिकटलेला. इंजिन चालू असताना तो ओढीने तोंडावर बसायचा, बंद केलं की खाली पडायचा. त्या माणसाचा ऐन हंगामातला आठवडा माझ्यामुळे गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून कळकळीने सांगतो, आधी टाकी.

खात्री करायची तर पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या. इंजिनाकडे जाणारी आणि परत येणारी, दोन्ही नळ्या त्यात सोडा, नळीतली हवा काढा आणि भरतीच्या वेळी बाहेर पडा. सोबत एक माणूस आणि तयार नांगर हवाच. ओहोटीत ही चाचणी करू नका. चिखलाजवळ पंखा जड फिरतो आणि निदान चुकतं. कॅनवर अर्धा तास बोट नीट पळाली, तर दोष टाकीत किंवा नळीत. जुनी रबरी नळीही बदलून टाका. ओढीच्या बाजूला भेग पडली तर डिझेल गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून नळी कोरडी ठणठणीत दिसते.

कॅनवरही इंजिन बसलं, तरच पंपाचा विचार करू.

प्रश्न : नवा पंखा बसवल्यापासून रेस वर जात नाही, काळा धूर येतो. न्यूट्रलला इंजिन छान फिरतं.
— एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : नवा पंखा इंजिनाला जड पडतोय, त्याचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) किंवा व्यास जास्त झालाय. जुना पंखा ठेवला असेल तर तो लावून पाहा. गिअरमध्ये पूर्ण रेसला इंजिनाच्या पट्टीवर लिहिलेले फेरे मिळालेच पाहिजेत. तोवर पूर्ण रेस ओढून धरू नका, पिस्टन आणि व्हॉल्व्ह तापून मरतील.