बेल वाजते तेव्हा कोण उठतं?

*(पत्र थोडं लहान केलं आहे.)*

*प्रिय ताई,*

*मी ४८ वर्षांची, सांगलीत माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर वॉकर धरून जेमतेम चार पावलं टाकतात. रात्री दोन-तीनदा बेल वाजवतात. दीर-जाऊ पुण्यात. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात आणि 'वहिनी, आईकडे लक्ष द्या हं' म्हणून ठेवून देतात. आमचे हे समजूतदार आहेत, कधी काही बोलत नाहीत.*

*दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. ह्यांनी रजा घेतली आणि तेवढे दिवस घर सांभाळलं. परत आल्यावर काही दिवस फार छान गेले. आता मात्र डोळे मिटून बसले की सासूबाईंचा, दिरांचा राग उसळून येतो. मागच्या आठवड्यात मी सासूबाईंवर ओरडले, 'ती बेलच फेकून देईन' म्हणाले. त्या रडल्या. साधना करणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, साधना कमी पडतेय, सकारात्मक राहा. थायरॉइडची गोळी चालू आहे. झोप लागावी म्हणून अश्वगंधा चूर्ण घेते, सकाळी काढा घेते. तरी पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं. कधी वाटतं, सगळं सोडून कुठेतरी निघून जावं. मे महिन्यात पुन्हा शिबिराला नाव घालू का? मला ध्यान जमत नाही की मी माणूस म्हणूनच खुजी आहे?*

*नाव छापू नये.*

नमस्कार बाई,

शिक्षिकेला दुसरं काय म्हणायचं, म्हणून बाईच म्हणते. तुमचा शेवटचा प्रश्न बाजूला ठेवून आधी छातीतल्या धडधडीचं बोलते, कारण तो विषय उद्यावर टाकण्यासारखा नाही.

तुम्ही थायरॉइडची गोळी घेता आणि जोडीला अश्वगंधा. अश्वगंधेमुळे काही जणांच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं. तेच संप्रेरक गोळीतूनही पोटात जातंय. ते जास्त झालं की धडधड, घाम, हाताला कंप, चिडचिड आणि झोप उडणं हे सगळं एकदम हजर होतं. तुमचं कारण हेच असेल असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पाळी जायच्या सुमारालाही असंच होतं, आणि दोन वर्षं रात्री तीन-तीनदा उठणाऱ्या कुणालाही होईल. म्हणूनच अंदाज नको, तपासणी हवी. चूर्ण आजपासून थांबवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, जाताना चूर्णाची डबी आणि काढ्याचं पाकीट पर्समध्ये टाका. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायचीच, हिमोग्लोबिन आणि ईसीजीचंही विचारा. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर आठवडा संपायची वाट न बघता तडक निघा.

आपण बायका डॉक्टरांपुढे सगळं सांगतो, पण 'आयुर्वेदिक' घेतो ते सांगत नाही, कारण आपल्या लेखी ते औषध नसतंच, घरचंच काहीतरी असतं. अश्वगंधा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे हे खरं. यकृताला इजा झाल्याच्या थोड्या का होईना, नोंदी आहेत हेही खरं. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. बंदी टोकाची वाटेल, पण वैद्यांनी तुम्हाला तपासून, चालू गोळ्या विचारून मोजून दिलेलं चूर्ण वेगळं आणि मोबाइलवर जाहिरात बघून मागवलेलं वेगळं. काढ्यात ज्येष्ठमध असेल आणि तुम्हाला रक्तदाब असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि थायरॉइडची गोळी काढ्याबरोबर घेत असाल, तर ती नीट लागू पडत नसेल. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहा, काढा, नाश्ता काही नको. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चार तासांनी.

आता ध्यान.

तुमच्या मैत्रिणी म्हणतात साधना कमी पडली. मला वाटतं साधना चोख झाली, म्हणूनच राग दिसला. दहा दिवस तुम्हाला काय शिकवलं ते आठवा. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास. मग चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना, आहेत तशा, ओढ न ठेवता आणि न झिडकारता. सत्यनारायण गोएंका स्वतः ब्रह्मदेशात असताना डोकेदुखीने बेजार होऊन या वाटेला लागले, १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवू लागले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. तिकडे अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा ध्यानाचा वर्ग काढला. डॉक्टरी उपाय करूनही ज्यांचं दुखणं जात नव्हतं अशी ती माणसं. आज 'माइंडफुलनेस' नावाने जे विकलं जातं त्यातलं बरंचसं तिथून निघालं. या दोन्ही ठिकाणी जे आहे ते बघायला शिकवतात. राग येणारच नाही, असं कुणी कबूल केलेलं नाही. 'सकारात्मक राहा' ही त्यात मागाहून घुसलेली भर आहे, आणि मला ती मुळीच आवडत नाही. ती बहुतेक वेळा 'आम्हाला तुझं ऐकायचं नाहीये' असं सांगायची सभ्य तऱ्हा असते.

शिबिरानंतरचे दिवस छान का गेले याचाही विचार करा. तिथेही पहाटे चारला घंटा वाजते, पण ती सगळ्यांसाठी वाजते, एकट्या तुमच्यासाठी नाही. दहा दिवस आयतं ताट समोर आलं. फोन नव्हता, 'भाजी काय करू' हा प्रश्न नव्हता, बोलण्याचंसुद्धा ओझं नव्हतं. आपल्याकडच्या किती बायकांना लग्नानंतर सलग दहा दिवस असे मिळतात? ध्यानाचं श्रेय मी कमी करत नाही, पण त्या शांतीतला मोठा वाटा विश्रांतीचा होता. घरी आलात आणि विश्रांती संपली. ध्यान तेवढं उरलं. आता तेही एक काम झालंय, स्वयंपाक, वह्या तपासणं आणि बेडपॅनच्या रांगेतलं. आणि त्यातही तुम्ही स्वतःला नापास करताय.

मूळ पत्रात दिरांवर अर्धं पान आहे. दर रविवारचा कॉल, त्यांचा नवा फ्लॅट, जावेची केरळची सहल. तो राग रास्तच आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे ना, त्यातल्या अपत्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. कायद्याची भीती घाला असं मी म्हणत नाही. पण कर्तव्य मुळात कुणाचं, याचा विसर सगळ्या घराला पडलेला असतो, तेव्हा ही व्याख्या तोंडपाठ असलेली बरी.

पण बाई, तुमचे हे पत्रात किती वेळा येतात? समजूतदार आहेत, काही बोलत नाहीत, एवढंच. रात्री बेल वाजते तेव्हा ते कुठे असतात? तुमच्याच शेजारी झोपलेले असणार. दिरांवर रागावणं सोपं आहे, ते सव्वादोनशे किलोमीटर लांब आहेत. ज्यांच्याबरोबर उद्या सकाळी चहा घ्यायचाय त्यांच्यावर रागवायचं म्हणजे घराची घडीच हलते. म्हणून तो राग पुण्याला गेला, तिथे पोचला नाही आणि वाटेत सासूबाईंवर कोसळला. तुमचे हे वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. काही न बोलणाऱ्या माणसाच्या घरात सगळं सुरळीत चाललेलं असतं, कारण ते दुसरं कुणीतरी चालवत असतं, इतकंच.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून पुढे गेलात. त्या दहा दिवसांत त्यांनी रजा घेऊन सगळं सांभाळलं. म्हणजे त्यांना जमतं! बेल ऐकू येते, आईला धरून उठवता येतं, औषधाची वेळ कळते. ही माहिती तुमच्याकडे दिवाळीपासून पडून आहे.

तेव्हा बोलायचं आहे ते त्यांच्याशी. 'मी दमले' एवढंच म्हणू नका. त्यावर 'मग जरा आराम कर' असं उत्तर येतं आणि रात्री बेल वाजली की पुन्हा तुम्हीच उठता. काम आणि वार सांगा. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्रीची बेल तुमची. कमोडची खुर्ची पलंगाला लागून ठेवू, म्हणजे आईंना बाथरूमपर्यंत न्यायला नको.' सासूबाई लाजतील, मुलगा नको म्हणतील. पहिले काही दिवस अवघडेल सगळ्यांनाच, पण दिवाळीत ते झालेलं आहे. सकाळच्या आंघोळीला आणि दुपारी तुम्ही शाळेत असताना एक मावशी ठेवा, तिच्या पगाराचे दोन भाग करा आणि दिरांचा भाग त्यांच्याकडे मागण्याचं काम त्यांच्या भावाचं. वहिनीने ते काम अंगावर घेऊ नये. रविवारचा कॉल आला की फोन ह्यांच्या हातात द्या आणि खुशाल दुसऱ्या खोलीत जा.

सासूबाईंची माफी मागितलीत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल मागितली तर एकदा मागा, साध्या शब्दांत, 'चुकलं माझं, झोप नव्हती म्हणून तोंडातून निघालं.' रोज रोज मागत बसू नका, त्याने त्यांनाच ओशाळं होतं. एकदा पडलेल्या माणसाला रात्रीची फार भीती असते. प्रत्येक बेल लघवीसाठी असतेच असं नाही, कुणी आहे का हेही बघायचं असतं. रात्रीचा मंद दिवा आणि पाण्याचा तांब्या हाताशी असेल तर एखादी बेल कमी होईल. आणि रात्रीच्या लघवीचंही डॉक्टरांना विचारा. म्हातारपणी त्यामागे संसर्ग किंवा औषधाची वेळ असं काही साधं कारणही निघू शकतं.

तुमचं स्वतःचं सांगते. रोज दोन तास बसायचा हट्ट सध्या सोडा. झोपमोड झालेल्या शरीराला तासभर डोळे मिटून बसवलं की ते एकतर झोपतं नाहीतर बिथरतं. काही जणांना जास्त ध्यानाने अस्वस्थता वाढल्याचंही अभ्यासकांनी नोंदलेलं आहे, त्यात कमीपणा काही नाही. शाळेतून येताना कृष्णेच्या घाटावर वीस मिनिटं चालत जा. सासूबाई आल्यापासून तिकडे गेलेच नाही, असं तुम्हीच लिहिलंय. चालताना पाय बघा, नदी बघा, राग आला तर तोही बघा. रात्री तळपायाला तेल लावून काशाची वाटी फिरवायला आवडत असेल तर जरूर फिरवा, पण ती सुखासाठी. त्याने सगळं बरं होईल हा भार त्या बिचाऱ्या वाटीवर टाकू नका. तीनला जाग आली तर घड्याळ आणि मोबाइल बघू नका, श्वास जरा लांब सोडत राहा, आणि बराच वेळ झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा.

तुमची खरी साधना मात्र सोमवारी रात्री आहे. बेल वाजेल आणि तुम्ही अंथरुणात पडून राहायचं. पोटात कालवाकालव होईल. पायांना सवयीने उठावंसं वाटेल. 'ह्यांना उठायला उशीर होतोय, आई काय म्हणतील' असं मन सांगेल. ते सगळं येऊ द्या, बघा आणि पडून राहा. दोन वेळा वाजेल, तीन वेळा वाजेल. ते उठतील. शिबिरात सांगतात ना, हलायचं नाही, ते इथे उपयोगी पडतं.

'सगळं सोडून निघून जावं' हे वाक्य मी दोनदा वाचलं. बहुतेकदा त्याचा अर्थ चार दिवस कुणी हाक मारू नये एवढाच असतो. पण त्यात स्वतःला संपवण्याचा विचार थोडा जरी डोकावत असेल, तर एकटीने सोसू नका. ह्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा आणि १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तसं काही नसेल, तरी दोन वर्षांचं साचलेलं बोलायला समुपदेशकाकडे जायला हरकत नाही. मुलांना शाळेतल्या समुपदेशकाकडे पाठवताना आपण त्यांना खुजं म्हणत नाही.

मेचं शिबिर. रिपोर्ट हातात येईपर्यंत नाव घालू नका. नंतर अर्ज भराल तेव्हा त्यात तब्येतीचं विचारतात, तिथे धडधड, झोप, गोळ्या सगळं खरं लिहा आणि ते काय म्हणतात ते ऐका. पण मेमधले दहा दिवस मात्र आत्ताच राखून ठेवा. शिबिराला जाल, माहेरी जाल की मुलीकडे जाऊन नुसत्या लोळाल, ते तुमचं तुम्ही ठरवा. दीर आणि जाऊबाई तेवढे दिवस सांगलीला येऊन राहतील. तारखा ह्यांनी भावाला याच महिन्यात कळवाव्यात, म्हणजे पुण्यात रजेचा अर्ज वेळेवर करता येईल.