दुसऱ्याच्या हातातला टाका

प्रश्न : ताई, मी ६१ वर्षांची आहे. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आले. इथे ओळखीचे कोणी नसल्यामुळे इमारतीतल्या बायकांसाठी दर शनिवारी विणकामाचा गट सुरू केला. सुरुवातीला दहा-बाराजणी येत, आता तिघीच उरल्या आहेत. मी मनापासून शिकवते, कोणाचे चुकले तर स्वतः उसवून पुन्हा विणूनही देते. तरी बायका का टिकत नाहीत? मी पुन्हा एकटी पडले आहे.

उत्तर : तुम्ही मदत म्हणून जे सांगता आहात, तेच मला या गळतीचे कारण वाटते. नवशिक्या बाईने तासभर खपून विणलेल्या ओळी तिच्या डोळ्यांदेखत उसवल्या गेल्या आणि तुमच्या सफाईदार हातांनी त्या पाच मिनिटांत पुन्हा उभ्या केल्या, तर ती निर्दोष वीण घेऊन घरी जाईल, पण ती वीण तिची नसेल. अशा बाईला पुढच्या शनिवारी नेमके काहीतरी काम निघते. तुमची नोकरी शिक्षिकेची होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही; मला शंका मात्र आली.

एकत्र बसून विणताना माणसे जवळ येतात, त्याचा कौशल्याशी फारसा संबंध नाही. हात गुंतलेले असले की नजरेला नजर देण्याची सक्ती राहत नाही, बोलणे मध्येच थांबले तरी कोणी अवघडत नाही आणि समोरासमोर जे सांगवत नाही, ते टाक्यांवर डोळे ठेवून सहज सांगून होते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘मेन्स शेड’ चळवळीत निवृत्त पुरुष सुतारकामासारख्या कामांच्या निमित्ताने जमतात, तेही याच बळावर. ३,५०० हून अधिक विणणाऱ्यांची एक पाहणी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले आणि गटात विणण्याचा संबंध वाढलेल्या संवादाशी दिसला. अर्थात विणकामाची आवड असलेल्यांनाच विचारले होते, हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा.

तेव्हा शनिवारचा वर्ग मोडा आणि बैठक राहू द्या. कोणी विचारले तरच सांगा, आणि तेही समोर नव्हे, शेजारी बसून, कारण समोरून हालचाली उलट दिसतात. (डावखुऱ्या बाईला मात्र उजव्या हाताने विणणाऱ्या शिक्षिकेसमोर बसणेच सोयीचे जाते.) एखादीचा टाका सुटून खाली शिडी पडली, तर सगळे उसवायची गरज नसते. क्रोशाची सुई तळच्या सुटलेल्या टाक्यात घालून वरचा एकेक आडवा धागा त्यातून ओढत गेले की टाका वर येतो. हे तिच्या हातून होऊ द्या, मग त्याला कितीही वेळ लागो. तुमचे हात आपल्या विणकामातच राहू द्या.

शिवाय सर्वांचे मिळून एक काम असावे. चौकोन जोडून केलेले पांघरूण त्यासाठी उत्तम. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल, त्यामुळे तेवढेच टाके घालूनही चौकोन लहान-मोठे होतात. म्हणून टाके ठरवून न देता माप ठरवा, आणि जोडण्यापूर्वी प्रत्येक चौकोनाभोवती एकाच रंगाची क्रोशाची किनार घाला. थोडाफार फरक त्या किनारीत सामावतो, कोणाचेही काम परत करावे लागत नाही. पांघरूण कोणाला द्यायचे, हे मात्र तुम्ही ठरवू नका.

आणखी एक गोष्ट मला खटकली. टिकून राहिलेल्या त्या तिघींविषयी तुमच्या पत्रात एक ओळही नाही. त्या का येत राहिल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे का? गेलेल्या बायकांना परत बोलावण्याची घाई सध्या करू नका. येत्या शनिवारी आधी या तिघींना ते विचारा.