इम्युनॉलॉजी डोक्यात बसत नाही : आधी घड्याळ बघ

तू लिहिलंयस की सीडी४, सीडी८ (टी पेशींच्या खुणा), आयएल-४, आयएल-१७ (सायटोकाइन, म्हणजे पेशींचे निरोप नेणारी प्रथिनं) सगळं पाठ झालंय, हायपरसेन्सिटिव्हिटीचा (प्रतिकारयंत्रणेच्या अपायकारक प्रतिक्रियांचा) तक्ता डोळे मिटून काढता येतो, पण ‘या रुग्णात काय घडतंय?’ असा प्रश्न आला की पेन थांबतं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी माझंही हेच झालं होतं. गेली काही वर्षं हा विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तक्ता बाजूला ठेव. रुग्ण समोर आला की पहिला प्रश्न एकच : संपर्कानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला? जेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ साली पाडलेले हायपरसेन्सिटिव्हिटीचे चार प्रकार यंत्रणेवरून आहेत खरे, पण प्रत्येक यंत्रणेला लागणारा वेळ वेगळा, त्यामुळे घड्याळ बघून निम्मं उत्तर हाती येतं.

तू चिपळूणची, तर उदाहरणं परसातच आहेत. आमच्याकडे वेंगुर्ल्याला मार्चमध्ये ओले काजूगर सोलायला बसायचं म्हणजे आई आधी हाताला खोबरेल चोपडायची. मला काही व्हायचं नाही. माझ्या मावसबहिणीला मात्र सोलताना काही नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात पाण्याचे फोड आणि जीव जाईल अशी खाज. आई म्हणायची, ‘तिला उततं.’ हा चौथा प्रकार. टरफलातल्या तेलाचे रेणू इतके लहान की एकटे असताना प्रतिकारयंत्रणा त्यांना विचारत नाही. ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात, तेव्हा कुठे ‘परके’ ठरतात. हॅप्टेन म्हणजे हेच. आधी कधीतरी तयार झालेल्या स्मृती टी पेशींनी (आधीचा संपर्क लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींनी) तिथे पोचायचं, वाढायचं, इंटरफेरॉन गॅमा हे सायटोकाइन सोडून मॅक्रोफेज (गिळणाऱ्या पेशी) बोलवायचे, यात दोन दिवस जातात. अँटीबॉडीचा इथे संबंध नाही. आंब्याचा चीक आणि बिब्बा याच कुळातले, म्हणून एक उतणाऱ्याला दुसरंही उतू शकतं. पण सांभाळ : हेच तेल दाहकही आहे. सोलता सोलताच हात भाजल्यासारखे झाले, तर ती ॲलर्जी नाही, नुसतं रसायन. तेव्हाही निवाडा घड्याळच करतं.

आता कोळंबी. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, तर पहिला प्रकार. इतकं झटपट का? कारण मास्ट पेशी (हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या पेशी) आयजीई, म्हणजे ॲलर्जीतली अँटीबॉडी, चिकटवून आधीच तयार बसलेल्या असतात. इथलं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन, ते शिजवून नष्ट होत नाही. म्हणून ‘सोडे चालतील ना?’ याचं उत्तर नाही. बांगड्याची ॲलर्जी बहुधा पार्व्हाल्ब्युमिनमुळे असते, ते प्रथिन वेगळं. म्हणून कोळंबी न चालणाऱ्या कित्येकांना बांगडा चालतो.

दुसऱ्या प्रकाराला कोकणी उदाहरण मला सापडलेलं नाही. आरएच निगेटिव्ह रक्तगटाची आई आणि पॉझिटिव्ह बाळ (आईच्या अँटीबॉडी बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात), एवढं नीट कर.

तिसऱ्यासाठी फुरसं. समज, संगमेश्वरकडच्या एकाला फुरसं चावलं, प्रतिसर्पविष दिलं, तो बरा होऊन घरी गेला. नवव्या दिवशी ताप, पुरळ, गुडघे सुजलेले. घरचे म्हणणार, वीख परत चढलं. वीख नाही, घोडा. हे औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. त्या परक्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी बनायला आठवडाभर लागतो, आणि तोवर प्रथिन रक्तात थोडं उरलेलं असतं. दोघांचे गुंते सांध्यांत, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली दाह पेटवणारी प्रथिनं) पेटतं. यालाच सीरम सिकनेस म्हणतात. त्याच माणसाला पुन्हा औषध द्यावं लागलं, तर हा त्रास लवकर दिसू शकतो. का, ते तू शोध.

प्रॅक्टिकलबद्दल एकच. माझी पहिली एलायझा (रंगावरून अँटीबॉडी किंवा प्रथिन ओळखायची तपासणी) प्लेट पूर्ण कोरी आली होती, पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा. दोन दिवस मी अँटीबॉडीला दोष देत बसले. बफर नासू नये म्हणून मीच त्यात सोडियम अझाइड टाकलं होतं, आणि अझाइड रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमचं काम बंद पाडतं. एन्झाइम गप्प, तर रंग कुठला येणार? व्हायव्हात हे विचारतात.

सायटोकाइनची नावं या गोष्टींना टांगून लिही, राहतील. आता एक सोडव. भाताच्या लावणीला गेलेल्या माणसाला ताप आला, तिसऱ्या दिवशी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) आयजीएम, म्हणजे संसर्गात आधी बनणाऱ्या अँटीबॉडीची, तपासणी निगेटिव्ह. लेप्टो नाही म्हणायचं का? पाच-सहा ओळींत लिहून इथेच टाक, मी रविवारी बघते.