निबंधातली अहिराणी खोडली तर मुलांची ओळख पुसली जाते का?

तुम्ही विचारलंय, की धुळ्याकडच्या सहावीच्या मुलांच्या निबंधातली अहिराणी खोडली तर त्यांची ओळखच पुसली जाते का. मी चाळीसगाव तालुक्यात मराठी शिकवतो, घरी अहिराणीच बोलतो. तेव्हा माझं मत थोडं घरचं समजा.

ओळख पुसली जाते, पण लाल पेनाच्या बरीच आधी. गाईडमधल्या ‘माझी आई’ निबंधातली आई देवपूजा करते, डबा भरते, संध्याकाळी अभ्यास घेते. आमच्या वर्गातल्या कितीतरी आया तेव्हा कापूस वेचायला गेलेल्या असतात. पोरगं तरीही गाईडमधलीच आई उतरवतं, कारण लिहिण्याजोगी आई तीच, असं त्याने धरूनच ठेवलेलं असतं. शुद्धलेखन चोख, दहापैकी आठ गुण, आणि घर दुसऱ्याचंच!

म्हणून विषय लहान करा. ‘आई घरी नसते तेव्हा चूल कोण पेटवतं?’ एवढंच विचारा. पहिला खर्डा येईल त्या बोलीत येऊ द्या. ‘माय वावरमा जास, मंग मीच भाकरी करस’ असं एखादीने लिहिलं, की निबंधातला ‘मी’ पहिल्यांदा तिचा स्वतःचा होतो. त्यावर लगेच गोल मारलात, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा गाईड.

ज्यांचा हात चालत नाही त्यांना सांगू द्या, शेजारच्याने लिहून घ्यावं. यात कमीपणा काही नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यानंतर, 1952 साली, पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आता प्रमाण मराठी. परीक्षेतही बोलीच चालू द्या म्हणणारे मला पटत नाहीत. गुण पोराचे जातात, म्हणणाऱ्याचे नाही. दुसरा खर्डा प्रमाण मराठीतच घ्या, पण एका वेळी एकच गोष्ट तपासा: या खेपेला फक्त ‘ळ’ आणि ‘य’ (आपल्याकडे केळीची केयी होते), पुढच्या खेपेला क्रियापदं. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. पहिला खर्डा मात्र वहीतच राहू द्या, फाडायला लावू नका.

तुम्हीही मुलांसोबत लिहा. सानेगुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. तेवढं आपल्याच्याने होणार नाही, पण आठवड्याला एक पान फळ्याशेजारी लावता येतं.

आणि एक जपा. मुलं खरं लिहू लागली की वडिलांची दारू, सोसायटीचं कर्ज, सगळं वहीत येतं. विचारल्याशिवाय वर्गात वाचून दाखवू नका, आणि पालकसभेत त्या वह्या टेबलावर ठेवू नका.