शिनचॅन मुळात मोठ्यांसाठी होता हे खरं आहे का? आणि तो इतका वाह्यात का? (माझा भाचा दिवसभर तेच बघतो.)

हो, खरं आहे. शिनचॅन या पाच वर्षांच्या पोराची योशितो उसुई यांनी काढलेली ही जपानी चित्रकथा १९९० साली 'मांगा अ‍ॅक्शन' नावाच्या साप्ताहिकात सुरू झाली आणि ते साप्ताहिक बाप्यांचं होतं. दिवसभर साहेबाचं ऐकून गाडीला लटकत घरी जाणाऱ्यांनी वाचायचं. सुरुवातीच्या भागांत आईबापांच्या अंथरुणातले विनोदही आहेत. १९९२ साली कार्टून टीव्हीवर आलं आणि पोरांनी ते पळवलं. तिथल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहणीत 'मुलांना दाखवू नये' या यादीत ते वर्षानुवर्षं वरच्या नंबरात असायचं. आपल्याकडे २००६ मध्ये हंगामा या टीव्ही वाहिनीवर हिंदीत आलं, दोन वर्षांनी तक्रारींमुळे बंद पडलं आणि मग कात्री लावून परत आलं. शिनचॅनचे आईबाप, हिंदीतले हॅरी आणि मित्सी, हे मुळात हिरोशी आणि मिसाए.

आता वाह्यात का ते. मी पुण्यात जपानी शिकले आणि पुढे दोन वर्षं जपानच्या सैतामा जिल्ह्यात नोकरी केली. शिनचॅनचं गाव कासुकाबे त्याच जिल्ह्यात. पहिल्या आठवड्यात माझं काम संपलं, साडेसहा वाजले होते, मी पर्स उचलली. 'तुमच्या आधी जातेय, माफ करा' हे वाक्य तिथे म्हणावंच लागतं, तेही म्हटलं. सगळे हसून 'दमलात हो' म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सिनिअर बाईंनी हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना? काल लवकर गेलात." मी मनापासून सांगितलं, एकदम ठणठणीत. त्या टोमणा मारत होत्या हे कळायला मला महिना लागला.

मनातलं ते 'होन्ने' आणि जगाला दाखवायचं ते 'तातेमाए', हे शब्द क्लासमध्ये पाठ केले होते. पण ते खरे समजले नेनेच्या आईमुळे. नेने म्हणजे शिनचॅनच्या वर्गातली मुलगी. तिची आई कमालीची गोड बोलते. शिनचॅन अवेळी येऊन टपकतो, खाऊ संपवतो, वर काहीतरी भलतंच बोलतो आणि ही हसतमुख. मग आत जाते, कापडी ससा काढते आणि त्याच्या पोटात दणादण ठोसे घालते. बाहेर आली की पुन्हा तेच हसू. नेनेला कळतं, तिचा चेहरा पडतो, "ही माझी नेहमीची आई नाही." पुढे पुढे नेनेही सशाला बडवायला शिकते.

काझामा घ्या. वर्गातला शहाणा मुलगा, इंग्रजीच्या शिकवणीला जाणारा, पाच वर्षांचा असून साहेबासारखा बोलणारा. त्याला जादूवाल्या मुलीचं 'मुलींचं' कार्टून जीव तोडून आवडतं आणि हे कोणाला कळू नये म्हणून त्याची धडपड चाललेली असते. शिनचॅनला लपवायचं असं काही नाहीच. घरी आल्यावर 'तादाइमा', म्हणजे 'आलो', म्हणायचं असतं. घरातल्याने त्यावर 'ओकाएरी', म्हणजे 'आलास का', म्हणायचं. हा पठ्ठ्या दारातून आत येतानाच 'ओकाएरी' म्हणतो. मिसाए रोज दुरुस्त करते, तो रोज तेच म्हणतो. ज्या देशात दारात शिरताना म्हणायचं वाक्यही ठरलेलं आहे, तिथे तीसेक वर्षं हसू येत राहिलं ते यालाच. शिनचॅन ढुंगण उघडं करून नाचतो ते आपल्याला आधी दिसतं, म्हणून आपल्या तक्रारीही तेवढ्यावरच थांबतात.

पण म्हणून ही बंडखोरी आहे असं कोणी म्हटलं तर मला नाही पटत. आपल्या तमाशात सोंगाड्या राजाची टर उडवतो, राजा काही गादीवरून उतरत नाही. हिरोशी ३५ वर्षांचा, घराच्या कर्जाचे ३२ वर्षांचे हप्ते, पायात वास मारणारे मोजे. सकाळ झाली की स्टेशन गाठतोच. पोरगं त्याला वाट्टेल ते बोलतं आणि तो हप्ते भरत राहतो.

शिनचॅनचा २००१ चा चित्रपट मिळाला तर बघा, ज्यात मोठी माणसं १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनाच्या आठवणींत हरवून पोराबाळांना सोडून जातात. हिरोशीही पोर होऊन बसतो. त्याला शुद्धीवर आणायला शिनचॅन त्याच्याच पायातला तो घाण वास त्याला हुंगायला लावतो. त्या वासातून त्याला सगळं आठवतं: बापाच्या सायकलमागे बसलेलं लहानपण, मोडलेलं पहिलं प्रेम, टोकियोतली नोकरी, लग्न, मूल, उन्हातान्हातली पायपीट, घर. आयुष्यभर ज्या मोज्यांवर आपण खिदळलो, ते कशाने नासले होते ते दोन-तीन मिनिटांत दिसतं. त्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीच, त्यामुळे भाषा येत नसली तरी अडत नाही. भाच्यालाही घेऊन बसा. तो मोज्यांना हसेल. तुमच्या घरी कोणाच्या डोक्यावर होम लोन असेल तर त्यालाही बसवा.